पंचमची गिटार, बोदवडचं क्लॅरोनेट

अंकाचा विषय ‘रूपांतर’ ठरला तेव्हा संपादकांनी फोनवर एक उदाहरण दिलं. रॉक संगीत म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, सगळा दणदणाट. ते कुणी नुसत्या व्हायोलिन आणि पियानोवर वाजवलं, तर त्याचं काय उरतं? कुठे जाऊन बघता येईल ते बघा आणि लिहा, असं ते म्हणाले.

मी जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडला गेलो. मुंबई-पुण्यात अशा मैफलींची सभागृहं आहेत, तिथे पियानो आहे, तो सुरात ठेवणारी माणसं आहेत. पण गाण्याकडून त्याची मूळ वाद्यं काढून घ्यायची आणि हाताशी असतील त्या वाद्यांवर ते पुन्हा उभं करायचं, हे काम आपल्याकडे सगळ्यात जास्त लग्नाच्या बँडमध्ये होतं. कुणाची शाबासकी न मिळवता होतं आणि दर लग्नसराईत नव्यानं होतं. खान्देशातल्या बँडवाल्यांच्या तालमी मी लहानपणी भिंतीपलीकडून ऐकल्या होत्या. यावेळी भिंतीच्या आत बसायचं होतं.

बोदवड भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचं तालुक्याचं गाव. पूर्वेला मलकापूर, म्हणजे विदर्भाचा उंबरठा. रावेर-यावलची केळी इथे नाही, इथे काळ्या जमिनीतला कापूस. त्यामुळे लग्नाचा खर्चही कापसाच्या भावावर हलतो आणि बँडची सुपारीही. ज्या बँडच्या तालमीला मी बसलो, त्याचे मास्तर साठीचे. गल्लीत सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो.

गिटारीचं काम

तालीम चालू होती ‘दम मारो दम’ची. मुलीकडच्यांनी जुन्या गाण्यांची यादी पाठवली होती, त्यात हे गाणं होतं. 1971 सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधलं राहुल देव बर्मन यांचं, म्हणजे पंचमचं, हे गाणं गिटारीवर सुरू होतं. ती गिटार भूपिंदर सिंग यांची. आशा भोसले यांचा आवाज यायच्या आधीच गाण्यानं आपल्याला धरलेलं असतं. शब्द विसरलेल्या माणसालाही तो सुरुवातीचा तुकडा आठवतो. रॉक संगीताची ही खरी खूण आहे. गाण्याचा मालक आवाज नसतो, एक छोटा, पुन्हा पुन्हा येणारा वाद्याचा तुकडा असतो. ‘तीसरी मंझिल’पासून, म्हणजे 1966 पासून, पंचमनी हे हिंदी सिनेमात रुजवलं.

बँडमध्ये गिटार नाही. आप्पांचा भाचा कॅसिओ वाजवतो. त्याच्या की-बोर्डात गिटारचा आवाज आहे, एक बटण दाबलं की येतो. त्यानं तो लावला. आप्पांनी हातानंच थांबवलं.

“मामा, मग गिटारीचा पीस कोन घेईल?”

“गिटार नाही घ्यायची. गिटारीचं काम घ्यायचं.”

मग त्यांनी ते काम वाटून दिलं. तुकड्याचे टोकदार सूर दोन ट्रम्पेटना, जिभेनं तोडून, एकही सूर न लांबवता. खाली घुमत राहणारा आधारस्वर युफोनियमला. गिटारच्या तारा खरवडल्याचा जो कोरडा आवाज मूळ गाण्यात सतत चालू असतो, तो साइड ड्रमच्या कडेला आणि खुळखुळ्याला. पहिल्या फेरीत ट्रम्पेटवाला पोरगा सूर ओढत होता. आप्पा म्हणाले, तार छेडली की आवाज लगेच मरतो, तसा मार. दुसऱ्या फेरीत त्यानं सूर मारला, आणि पितळी ट्रम्पेटमधून मला गिटार ऐकू आली. हुबेहूब नव्हे, पण तिची चाल, तिचा माज, तिचं थांबणं सगळं तिथे होतं. कॅसिओच्या बटणातून आलेली गिटार आवाजानं जवळची होती आणि गाण्यापासून लांब होती.

शब्द काढून घेतल्यावर

मराठी माणसाला वाद्यावरचं गाणं म्हटलं की प्रभाकर जोग आठवतात. 1932 साली जन्मलेले आणि 2021 मध्ये पुण्यात निवर्तलेले जोग ‘गाणारं व्हायोलिन’ या नावानंच ओळखले गेले. ‘गीतरामायण’ 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. त्या काळापासून फडके यांच्या साथीला जोगांचं व्हायोलिन होतं. साथ करणाऱ्याला गायकाचा श्वास कुठे तुटतो, कुठल्या अक्षरावर तो रेंगाळतो, हे पाठ असावं लागतं. पुढे जोगांनी गायकाला बाजूला ठेवून तीच गाणी एकट्या व्हायोलिनवर वाजवली, तेव्हा हे सगळं पाठांतर गजात उतरलं. ऱ्हस्व अक्षराला गजाचा आखूड फटका, दीर्घाला लांब ओढ, जोडाक्षराला किंचित दाब. लोक म्हणायचे, शब्द ऐकू येतात. ते खरंच होतं, कारण ऐकणाऱ्याला शब्द पाठ होते आणि वादक त्यातला एकही गाळत नव्हता.

भावगीताला ही रीत चपखल बसते, कारण त्याचा जीव शब्दात आणि चालीत असतो. पंचमच्या गाण्याला ती अर्धीच पुरते. ‘चुरा लिया है तुमने’ची चाल व्हायोलिनवर अक्षर न अक्षर वाजवा, गाणं ओळखू येईल. पण त्याच्या आधी काचेच्या पेल्यावर झालेला किणकिणाट आणि गिटारचे ते मोकळे स्वर आले नाहीत, तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. 1973 सालच्या ‘यादों की बारात’मधलं हे गाणं पन्नास वर्षं लोक त्या पेल्याच्या आवाजासकट लक्षात ठेवून आहेत. म्हणजे इथे आवाजाचा पोत हाच रचनेचा भाग आहे. व्हायोलिन आणि पियानो हातात घेऊन बसणाऱ्याला पहिला निर्णय इथेच घ्यावा लागतो: काय सोडलं तरी चालेल, आणि काय सोडलं तर गाणंच राहणार नाही?

दोघांत अख्खा बँड

या दोन वाद्यांची जोडी युरोपात शतकानुशतकं टिकली, त्याचं कारण त्यांच्या घडणीत आहे. व्हायोलिनचा सूर गज चालू असेपर्यंत जिवंत राहतो. तो फुगवता येतो, बारीक करता येतो, एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेनं घसरत नेता येतो. एका वेळी फार तर दोन तारा नीट वाजतात. खालच्या बाजूला मात्र ते लवकर संपतं: मधल्या पांढरी एकच्या खालची पांढरी पाच, त्याच्या खाली काही नाही. इलेक्ट्रिक गिटार त्याच्याही खाली सप्तकाहून अधिक उतरते आणि बेस गिटार आणखी एक सप्तक.

तो सगळा खालचा प्रदेश पियानोच्या डाव्या हाताकडे येतो. पियानोत पट्टी दाबली की लोकरीच्या नमद्यानं मढवलेला हातोडा तारेवर आपटतो. म्हणजे पियानो हे निम्मं तालवाद्य आहे. ड्रमचा ठोका, बेसचा सूर, गिटारचे एकत्र स्वर, हे तिन्ही दहा बोटांत बसवता येतात. पण आपटलेला सूर त्याच क्षणापासून विरायला लागतो, त्याला वाकवताही येत नाही. पियानोला जे जमत नाही ते व्हायोलिन करतं, व्हायोलिनला जे पेलत नाही ते पियानो. गायकाचा आवाज आणि गिटारचं विव्हळणं गजाकडे, उरलेला बँड पट्ट्यांकडे, अशी वाटणी आपोआप होते.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 1970 सालचं आहे. फ्रँक झापा हा अमेरिकन रॉक रचनाकार. त्याच्या रचना फ्रेंच व्हायोलिनवादक जाँ-ल्यूक पाँती यानं ‘किंग काँग’ या ध्वनिमुद्रिकेसाठी वाजवल्या, पियानोवर जॉर्ज ड्यूक होता. आणखी वाद्यंही होती, पण कान जातो तो या दोघांकडे. झापाच्या गाण्यातला चावरा विनोद शब्दांबरोबर गेला, आणि शब्दांच्या गर्दीत न दिसणारी चालींची गुंतागुंत उघडी पडली. हाच झापा पुढे आपल्या एल. शंकर यांच्या ‘टच मी देअर’ या 1979 च्या ध्वनिमुद्रिकेचा निर्माता होता. कर्नाटक संगीतात वाढलेलं व्हायोलिन रॉकवाल्याच्या स्टुडिओत पोचलं होतं.

पंचमच्या बाबतीत हे काम क्रोनोस क्वार्टेटनं केलं. सॅन फ्रान्सिस्कोचे हे चार तंतुवादक: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. 2005 साली त्यांनी राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांची अख्खी ध्वनिमुद्रिका काढली. गायला खुद्द आशा भोसले, तबल्याला झाकीर हुसेन. ध्वनिमुद्रिकेचं नाव ‘चुरा लिया’च्याच इंग्रजी भाषांतराचं. वादकांनी आपलेच आवाज एकावर एक थर लावून चढवले, तेव्हा कुठे पंचमच्या स्टुडिओतली गर्दी उभी राहिली. आशाबाईंनी सत्तरी ओलांडली होती. मुळात आपण तरुणपणी गायलेलं गाणं अनोळखी वाद्यांच्या सोबतीनं त्या पुन्हा गात होत्या, आणि कुठेही जुन्या मुद्रणाची नक्कल करत नव्हत्या.

काळी पाच

आता पुन्हा बोदवडला. आप्पांचं क्लॅरोनेट हे बी-फ्लॅटचं, म्हणजे त्यावर ‘सा’ची सगळ्यात सोयीची बोटं ठेवली की कॅसिओवर काळी पाच वाजते. ट्रम्पेटचंही तेच. गाणं मुळात कुठल्या पट्टीत आहे, यापेक्षा ते या वाद्यांना कुठे सोपं जाईल, हे आधी बघावं लागतं. खूप चढ्या पट्टीत नेलं, तर वरातीच्या दुसऱ्या तासाला ट्रम्पेटवाल्याचे ओठ साथ सोडतात. खाली ठेवलं, तर रस्त्यावरच्या गोंगाटात आवाज बुडतो. म्हणून एकेक गाणं अर्ध्या-एक सुरानं सरकवून आप्पा त्याची जागा शोधतात. हे गणित कुठल्या वहीत नाही, तोंडपाठ आहे.

मे महिन्यात आणखी एक अडचण येते. जळगाव जिल्ह्यात पारा 44-45 अंशांवर जातो, आणि फुंकवाद्यातली हवा तापली की त्याचा सूर चढतो. कॅसिओचा मात्र जागचा हलत नाही. दुपारच्या वरातीत दोघांचं बिनसतं. आप्पांनी क्लॅरोनेटच्या मुखाखालचा आखूड तुकडा मला दाखवला आणि तो केसभर बाहेर ओढला. नळी तेवढी लांबली, सूर तेवढा उतरला. चालता चालता, घोड्याच्या मागे, फटाक्यांच्या धुरात ते हे करतात. मैफलीच्या वादकाला वातानुकूलित दालनात जे करावं लागत नाही, ते इथे दर अर्ध्या तासानं करावं लागतं.

देशातल्या बँडची बहुतेक पितळी वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात बनतात. आप्पांच्या युफोनियमला इतके पोचे पडलेत की मूळ आकार ओळखू येत नाही. डाग देऊन, ठोकून ते चालू ठेवलंय. महागडं नाही, पण सुरात आहे, असं आप्पा अभिमानानं सांगतात.

कागद आणि मोबाईल

सिनेमाच्या संगीतात वाद्यांना कामं वाटून देणाऱ्याला ‘अरेंजर’ म्हणतात. मुंबईच्या स्टुडिओत हे काम पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या माणसांनी केलं. चर्चच्या शाळांत ते पाश्चात्त्य स्वरलेखन शिकले होते. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी व्हायोलिन शिकवलेल्यांत प्यारेलाल होते. ‘अमर अकबर अँथनी’मधलं त्यांच्या नावाचं गाणं म्हणजे शिष्यानं गुरूला केलेला नमस्कार. पंचमकडे मनोहारी सिंग आणि बासू चक्रवर्ती होते, तालाला आपले मारुतीराव कीर. चाल संगीतकाराची असली, तरी ती शंभर वाद्यांत कशी पसरली हे या माणसांनी ठरवलं. पडद्यावर त्यांचं नाव आलं तर बारीक अक्षरांत.

आप्पांच्या हाती ते कागद कधीच आले नाहीत. त्यांचे वडील रेडिओपुढे बसून गाणं उतरवायचे, स्वतः त्यांनी कॅसेट मागे-पुढे करून. भाचा यूट्यूबवर गाणं पाऊण वेगानं लावतो, एका कानात इअरफोन, दुसरा कान मामाकडे. शंभर वाद्यांच्या गर्दीतून कुठला आवाज कामाचा आहे, तो निवडून काढणं हे सगळ्यात अवघड, आणि ते यंत्र करून देत नाही. मुंबईच्या अरेंजरनं एका गाण्याची शंभर जणांत वाटणी केली. आप्पांनी त्या शंभरांतून बारा निवडले. दुसरं काम पहिल्याहून कमी दर्जाचं आहे, असं मला तालमीत बसल्यावर वाटेनासं झालं.

‘सैराट’नंतर तर ही निवड आणखी अवघड झाली. 2016 च्या त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद घेऊन गाणी मुद्रित केली. ‘झिंगाट’ बँडला सोपं गेलं, त्यात वरातीचाच ठेका आहे. पण ‘याड लागलं’च्या मागे व्हायोलिनांची जी लाट येते, तिचं काय करायचं? आप्पांनी दोन क्लॅरोनेटं घेतली. एक मूळ चाल धरतं, दुसरं तिच्या खालून दोन सूर सोडून चालतं. लाट येत नाही, पण तिचा ओलावा येतो.

अलीकडे मागणी अहिराणी गाण्यांची. बोदवड परिसराची बोली तावडी आणि लेवा गणबोली, अहिराणी धुळे-नंदुरबारकडची. पण मोबाईलनं ती सीमा पुसून टाकली. ‘झुमकावाली पोर’ आली नाही अशी वरात आता इकडे निघत नाही. ही गाणी मुळातच संगणकावर बनलेली. त्यात खरा वादक कमी असतो. बँडवर आली की त्यांना प्रथमच माणसाचा श्वास लागतो. मला ती बँडवरच जास्त आवडली.

जोडी

तालीम संपली, पोरं पांगली. ट्रम्पेटवाल्याला पहाटे कापसाच्या गाडीवर जायचं होतं. बँडवर वर्षभर पोट कुणाचंच भरत नाही. दाट तिथीला एका दिवशी दोन सुपाऱ्या, आणि मग चातुर्मासात सगळं थंड. त्यात डीजेनं निम्मी लग्नं पळवली. 2020 आणि 2021 चे दोन उन्हाळे तर कोरोनातच गेले, तेव्हा काहींनी वाद्यं विकली. ज्या यजमानाला पूर्ण बँड परवडत नाही, तो हल्ली हळदीला दोघांनाच बोलावतो: एक क्लॅरोनेट, एक कॅसिओ.

ती जोडी माझ्यापुढे बसली होती. मी विचारलं, आप्पा, कुणी सांगितलेलं नाही, तुमच्या मनातलं काही वाजवाल? त्यांनी ‘चुरा लिया’ धरलं.

भाच्यानं कॅसिओचे सगळे तयार ठेके बंद केले आणि साधा पियानोचा आवाज लावला. पेल्याच्या किणकिणाटासाठी वरच्या टोकाच्या दोन पट्ट्या, करंगळीनं, हलक्या. गिटारचे मोकळे स्वर त्यानं डाव्या हातानं एकामागून एक पसरले. मग आप्पा आले. क्लॅरोनेटचा खालचा भाग, जो वरातीत कधी कामाला येत नाही कारण तो कुणाला ऐकूच जात नाही, तिथून त्यांनी मुखडा सुरू केला. हा भाग व्हायोलिनच्याही थोडा खाली पोचतो. आशाबाईंच्या आवाजातला तो जवळचा, कानाशी आलेला सूर त्यांना तिथे सापडला होता. पहिल्या अंतऱ्याला ते सरळ गेले. दुसऱ्याला एका ओळीतले निम्मे सूर त्यांनी गाळले, भाच्यानं ती जागा भरली नाही, रिकामीच ठेवली. शेवटाकडे ठेका फक्त डाव्या हाताच्या दोन बोटांत उरला होता.

संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या खोलीत मिळालं. वाद्यं कमी झाली की गाणं लहान होत नाही. ते वाजवणाऱ्याच्या निवडीवर उभं राहतं, आणि निवड चांगली असेल तर मूळ रचनेतलं आपण कधी न ऐकलेलं काही वर येतं. त्या रिकाम्या ओळीनं मला पंचमची चाल किती भक्कम आहे ते दाखवलं. मूळ मुद्रणात तो भक्कमपणा इतक्या सजावटीत असतो की त्याच्याकडे लक्षच जात नाही. पाँती आणि ड्यूकनं झापाचं हेच केलं होतं. फरक एवढाच की त्यांचं मुद्रण पंचावन्न वर्षांनंतरही विकत मिळतं. बोदवडच्या जोडीचं एकही नाही.

याला एक जुनं कारण आहे आणि ते आपण बोलत नाही. गावगाड्यात लग्नात वाजवण्याचं काम मातंग, गुरव अशा ठरावीक समाजांकडे होतं. त्यांच्या वाजवण्याशिवाय मंगलकार्य होत नसे आणि त्यांना पंगतीत पाळी मात्र शेवटी मिळे. वाद्यं बदलली, सनई-सूर जाऊन क्लॅरोनेट-ट्रम्पेट आले, गणवेश आले. वाजवणाऱ्याकडे पाहण्याची नजर पुष्कळ ठिकाणी तीच राहिली. ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकानं भारतीय लग्नाच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक 2005 मध्ये लिहिलं. आपल्याकडे नाट्यसंगीतावर, भावगीतावर कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलं. बँडवर आपण काय लिहिलं?

जळगाव-भुसावळला संगीताच्या मैफली भरवणारी मंडळं आहेत, महाविद्यालयांत स्नेहसंमेलनं होतात. त्यांनी एका संध्याकाळी आपल्या तालुक्यातल्या बँडमधली अशी एक जोडी मंचावर बसवावी. खुर्ची द्यावी, बरा मायक्रोफोन द्यावा, ठरलेलं मानधन आधी हातात द्यावं आणि ते ध्वनिमुद्रित करावं. आणि ज्यांच्या घरी येत्या तुळशीच्या लग्नानंतर कार्य आहे त्यांना एवढंच सांगणं आहे: वरात निघण्याआधी मांडवात अर्धा तास राखून ठेवा. नाचायचं नाही, फर्माईश सांगायची नाही. मास्तरांना त्यांच्या मनातलं वाजवायला सांगा, बसून ऐका, आणि पहिल्या पंगतीला त्यांचं पान मांडा.